जुन्या बॅटरीचा जमाखर्च

तांब्याचा हंडा वर्षानुवर्षे चुलीवर चढतो. त्याला पोचे येतात, त्याचे बूड झिजते आणि एके दिवशी तो गळू लागतो. परंतु असा हंडा कोणी उकिरड्यावर फेकून देत नाही. तो मोडीत घातला जातो. तांबट त्याचे वजन करतो, तांब्याच्या भावाने त्याची किंमत ठरवितो आणि नव्या हंड्याच्या किमतीतून ती वजा करतो. यामागील तत्त्व साधे आहे. हंडा निकामी झाला, तरी तांबे निकामी होत नाही. बिघडतो तो आकार, धातू नव्हे.

मोटारी, रिक्षा, ट्रक आणि घरोघरचे इन्व्हर्टर यांतील शिशाच्या बॅटरीलाही हेच तत्त्व लागू पडते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली अशी बॅटरी प्रथम तयार केली. तिच्यात शिशाच्या पट्ट्या असतात, त्या पातळ गंधकाम्लात बुडविलेल्या असतात आणि हे सारे प्लॅस्टिकच्या भक्कम पेटीत बसविलेले असते. काही वर्षांच्या वापराने पट्ट्यांवर क्षाराचा टणक थर साचतो, त्यांवरील लेप गळून पडतो, आणि मग कितीही वेळ विजेवर लावली तरी बॅटरी भरत नाही. लोक म्हणतात, “बॅटरी मेली.” पण तिच्यातील शिसे जसेच्या तसे शिल्लक असते. बॅटरीच्या एकूण वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचाच असतो.

शिसे खाणीतूनही मिळते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे शिसे व जस्त यांच्या प्राचीन खाणी आहेत. परंतु खाणीतील शंभर किलो खनिजात शिसे थोडेच किलो भरते. त्यासाठी खडक फोडावा लागतो, त्याचे पीठ करावे लागते आणि नको असलेला भाग वेगळा काढावा लागतो. जुन्या बॅटरीत मात्र हेच शिसे आयते एकवटलेले असते. ते ३२७ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते आणि शुद्ध केल्यावर नव्या शिशाच्या तोडीस तोड ठरते. जगात तयार होणाऱ्या शिशापैकी निम्म्याहून अधिक शिसे जुन्या मालातूनच मिळते, याचे कारण हेच होय. म्हणूनच शिशाच्या मेलेल्या बॅटरीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. भंगारवाला आपण होऊन दाराशी येतो.

येथपर्यंतचा हिशेब सर्वांच्या लाभाचा दिसतो. परंतु बॅटरी दारातून गेल्यानंतर तिच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट चांगल्या कारखान्याकडे जाते. तेथे बंदिस्त यंत्रात बॅटरी फोडतात. तिचे तुकडे पाण्यात पडताच प्लॅस्टिक तरंगते आणि शिसे तळाशी बसते. आम्ल वेगळे काढून त्याची दाहकता नाहीशी करतात. शिसे झाकलेल्या भट्टीत वितळवून त्याच्या लगडी पाडतात. भट्टीचा धूर मोठमोठ्या गाळण्यांतून नेतात, म्हणजे त्यातील शिशाचे कण हवेत मिसळत नाहीत. कामगारांना मुखवटे व हातमोजे देतात आणि त्यांचे रक्त वेळोवेळी तपासतात. या सर्वांस पैसा लागतो.

दुसरी वाट एखाद्या परसातील उघड्या भट्टीकडे जाते. तेथे कुऱ्हाडीने बॅटरी फोडतात, आम्ल गटारात ओततात आणि पट्ट्या कढईत टाकून वितळवितात. गाळणी नाही, मुखवटा नाही, तपासणी नाही.

आता या दोन वाटांचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका बॅटरीतून चांगल्या कारखान्याला १५०० रुपयांचे शिसे मिळते. त्याचा खर्च ६०० रुपये येतो. स्वतःसाठी १०० रुपये नफा ठेवून तो बॅटरीला ८०० रुपये देऊ शकतो. उघड्या भट्टीत शिशाचा बराच अंश धुरात व मळीत वाया जातो. म्हणून तेथे त्याच बॅटरीतून १३०० रुपयांचेच शिसे मिळते, असे धरू. परंतु तेथील खर्च अवघा २०० रुपये आहे. तेवढाच १०० रुपये नफा ठेवून भट्टीवाला बॅटरीला १००० रुपये मोजू शकतो. साहजिकच बॅटरी त्याच्याकडे जाते.

येथे एक चमत्कारिक कोडे उभे राहते. ज्याने २०० रुपयांचे शिसे वाया घालविले, त्यालाच २०० रुपये अधिक भाव देणे कसे परवडते? उत्तर असे, की त्याच्या कामाचा खरा खर्च तो स्वतः देतच नाही. तो दुसरेच कोणी देतात. शेजारची विहीर देते, अंगणातील माती देते, आणि सर्वांत अधिक त्या मातीत खेळणारी मुले देतात. शिसे हे विष आहे. त्याची धूळ हाताला लागते, श्वासातून व अन्नातून पोटात जाते आणि रक्तात मिसळते. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा घाला विशेष पडतो. स्मरण, लक्ष आणि बुद्धी यांची हानी होते, आणि ती पुढे भरून येत नाही. शरीराला निर्धोक असे शिशाचे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही.

हा खर्च किती भयंकर असू शकतो, हे पश्चिम आफ्रिकेतील सेनेगाल देशात दिसून आले. डाकार या राजधानीच्या थियारोये-सुर-मेर नावाच्या उपनगरात जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा अनेक वर्षे चालत असे. तेथील माती शिशाने भरून गेली होती. शिशाला चांगला भाव येताच लोक ती माती खणून चाळू लागले. गरिबांना चार पैसे मिळत होते. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. पण २००७ सालच्या अखेरीपासून काही महिन्यांत तेथील १८ मुले शिशाच्या विषबाधेने दगावली. युनिसेफ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे. अशा मुलांची संख्या ८० कोटींच्या घरात जाते. उघड्यावर बॅटऱ्या फोडणे हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून अहवालात नमूद आहे.

शिशाच्या बॅटरीमागोमाग आता लिथियमची बॅटरी आली आहे. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइलपासून विजेवर चालणाऱ्या बसपर्यंत सर्वत्र तिचा संचार आहे. हिच्या बाबतीत पुनर्वापराचा विचार आधी करावा लागतो. जुने लुगडे नेसण्याजोगे राहिले नाही, तरी त्याची गोधडी होते. तसेच येथेही आहे. वाहनातील बॅटरीची शक्ती मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली, की ती वाहनाला अपुरी पडू लागते. परंतु दिवसा सूर्याच्या उन्हापासून मिळालेली वीज रात्रीसाठी साठवून ठेवण्यास ती आणखी काही वर्षे उपयोगी पडते.

मात्र गोधडी शिवण्यासही श्रम पडतात. प्रत्येक जुनी बॅटरी उघडून तपासावी लागते, चांगले घट निवडावे लागतात, आणि त्यांचे आकारही एकसारखे नसतात. त्यातच नव्या बॅटऱ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. जुनीची डागडुजी नवीच्या किमतीजवळ गेली, तर जुनी कोण घेणार?

पुनर्वापरही संपला, की धातू काढण्याची पाळी येते. बॅटरी दळून तिची काळी भुकटी करतात आणि रसायनांच्या साहाय्याने तीतून कोबाल्ट, निकेल व लिथियम वेगळे करतात. कोबाल्ट व निकेल मौल्यवान असल्याने त्यांवर खर्च भागतो. परंतु आज पुष्कळ बॅटऱ्या लोह व फॉस्फरस वापरून करतात. त्यांत कोबाल्टही नसते आणि निकेलही नसते. त्या स्वस्त व टिकाऊ असतात, पण मेल्यावर त्यांतून हाती थोडेच लागते. अशा बॅटरीसाठी भंगारवाला आपण होऊन दाराशी येईलच असे नाही. आणि ती कचऱ्यात फेकली, तर दाबली किंवा फुटली असता पेट घेते.

तात्पर्य, शिशाच्या बॅटरीला भाव आहे, पण तो भाव तिला चुकीच्या वाटेने नेऊ शकतो. लिथियमच्या काही बॅटऱ्यांना पुरेसा भावच नाही. दोन्ही ठिकाणी केवळ बाजारावर विसंबून भागत नाही. यासाठी भारत सरकारने २००१ साली शिशाच्या बॅटऱ्यांविषयी नियम केले आणि २०२२ साली सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी नवे नियम लागू केले. त्यांनुसार बॅटरी तयार करणाऱ्यानेच ती मेल्यानंतर परत गोळा करण्याची आणि योग्य कारखान्याकडे पोहोचविण्याची जबाबदारी घ्यावयाची असते. म्हणजेच, पूर्वी जो खर्च मुलांच्या रक्तातून वसूल होत असे, तो आता वस्तूच्या किमतीत मांडला जावा, असा या नियमांचा हेतू आहे.

पण नियम कागदावर लिहिला म्हणजे काम संपत नाही. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे परत दिली, तर किमतीत सूट मिळते. एखादा भंगारवाला त्याहून शंभर रुपये अधिक देऊ करील. तेव्हा ते शंभर रुपये कोणाच्या खिशातून येत आहेत, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारला पाहिजे. जमेची बाजू सर्वांच्या डोळ्यांत भरते. खर्चाची बाजू शोधून काढावी लागते. जो दोन्ही बाजू मांडतो, त्यालाच खरा हिशेब येतो.

स्वाध्याय

१. तांब्याचा हंडा आणि शिशाची बॅटरी यांत कोणते साम्य दाखविले आहे?
२. उघड्या भट्टीवाल्याला अधिक भाव देणे का परवडते? आकडे मांडून स्पष्ट करा.
३. थियारोये-सुर-मेर येथे काय घडले? त्यावरून कोणता बोध होतो?
४. ‘पुनर्वापर’ आणि ‘धातू वेगळे करणे’ यांतील फरक लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मोडीत घालणे, तोडीस तोड, डोळ्यांत भरणे.