यादीत नाव नसताना मत देता येतं का?

प्रश्न : मतदार यादीत नाव नसलं तरी आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा; १४ टक्क्यांहून जास्त ‘टेंडर व्होट’ पडले तर फेरमतदान होतं, असा संदेश आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. माझं नाव यादीतून गळलंय. हे खरं आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. यादीत नाव नसेल तर कोणत्याही ओळखपत्रावर मत देता येत नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे भलतंच : समोरचा मतदार तोतया आहे, असा आक्षेप मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून घेतो. ‘टेंडर व्होट’ मात्र खरं आहे. अर्धं सत्य मिसळल्यामुळेच असे संदेश पटतात. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ती सीलबंद ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्क्यांचा नियम कुठेही नाही.

काळजी करू नका. नाव नोंदवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ६, ऑनलाइन किंवा बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) आत्ताच भरा, निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. शंका असल्यास १९५० या मतदार हेल्पलाइनवर विचारा. ग्रुपवर कुणाशी वाद घालू नका, पण त्या संदेशाखाली ही माहिती जरूर लिहा.