घोड्याच्या पोटातील व्रण : औषधाबरोबर वैरणही बदला

रंकाळ्यावर फेऱ्या मारणारा किंवा वरातीला जाणारा घोडा खुराक टाकू लागला, तंग आवळताच चावायला धावू लागला, तर खोडकर झाला म्हणून चाबूक उगारू नये. जठरात व्रण असू शकतात. खात्री पशुवैद्यकाच्या दुर्बिणीनेच होते. ओमेप्राझोल साधारण ४ आठवडे द्यावे लागते. वेदनाशामके मनाने देऊ नयेत, त्यांनीही व्रण होतात.

घोड्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरते. गव्हाण ५-६ तास रिकामी राहिली की ते जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला भाजते. म्हणून वैरण थोडी थोडी, पण सतत हवी. भरडा कमी करावा. आपल्याकडे उसाचे वाढे मुबलक, पण त्यातील ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावर घोडा ठेवू नये. लसूणघासातील चुना व प्रथिने आम्ल शमवतात. आरएल-८८ हा वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरल्यास पहिली कापणी ५०-५५ दिवसांत मिळते. एक-दोन गुंठेही पुरेसा आधार देतात.

खाणे सुधारल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आधी हाताने चालवावे, मग खोगीर, शेवटी स्वार. कामापूर्वी अर्धा तास मूठभर लसूणघास द्यावा. उपाशीपोटी दौड नको. तंग आवळताना पुन्हा कान मागे पाडले, तर स्वारी त्याच दिवशी थांबवावी.