लोकरीतील भूमिती

क्रोशाचे विणकाम महाराष्ट्रातील अनेक घरांत परिचित आहे. दारावरचे तोरण, मेजावरचा रुमाल, तान्ह्या बाळाचे टोपडे अशा कितीतरी वस्तू टोकाशी आकडी असलेल्या एका लहानशा सुईने विणल्या जातात. हा फावल्या वेळेचा छंद. भूमितीसारख्या गहन शास्त्राशी त्याचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु थोर गणितज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे केवळ बुद्धीने जाणलेली एक आकृती, सर्वांना निर्धास्तपणे हाताळता येईल अशा रूपात, याच सुईने आणि लोकरीच्या गुंड्याने साकार झाली.

या कथेचा आरंभ फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास यूक्लिड या ग्रीक गणितज्ञाने भूमितीचा पाया घातला. त्याने जी गृहीतके मांडली, त्यांतील पाचव्याचा आशय असा सांगता येतो : एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेरील एक बिंदू दिला असता, त्या बिंदूतून पहिल्या रेषेस समांतर अशी एकच रेषा काढता येते. सपाट कागदावर हे सहज पटते. तरीही हे विधान इतर गृहीतकांवरून सिद्ध करता येईल का, या विचाराने पुढील दोन हजार वर्षे विद्वानांची झोप उडविली.

हंगेरीतील फार्कश बोयाई यांनी या प्रश्नापायी आयुष्यातील अमोल वर्षे वेचली; पण यश आले नाही. आपला मुलगा यानोश हाही त्याच वाटेने निघाला आहे, हे कळताच त्यांनी त्याला कळकळीने परावृत्त करण्याचा यत्न केला. यानोशने मात्र ऐकले नाही. त्याने निराळाच विचार केला. अशा समांतर रेषा एकच नव्हे, तर अनेक निघतात असे मानले तर काय होईल? त्यातून एक नवी, तितकीच सुसंगत भूमिती जन्मास आली. त्याचे हे लेखन १८३२ मध्ये वडिलांच्याच ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, १८२९ मध्ये, रशियातील लोबाचेव्हस्की यांनीही स्वतंत्रपणे हाच शोध प्रसिद्ध केला होता. या नव्या भूमितीत त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा नेहमीच कमी भरते. तिच्या पृष्ठास अपास्तीय प्रतल असे म्हणतात.

बुद्धीला हे पटले. परंतु डोळ्यांना दिसेना. असे प्रतल दिसते तरी कसे? इटलीतील बेल्ट्रामी यांनी एकोणिसाव्या शतकात कागदाचे तुकडे जोडून त्याची प्रतिकृती केली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या वक्र पट्ट्या एकमेकींस चिकटवून ती करण्याची रीत दाखविली. परंतु कागद तो कागदच. विद्यार्थ्यांनी दोनचार वेळा हाताळताच तो चुरगळे आणि फाटे.

१९९७ मध्ये डाइना ताइमिना यांनी अशीच एक नाजूक कागदी प्रतिकृती पाहिली. त्या मूळच्या युरोपातील लाट्व्हिया देशाच्या. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्या गणित शिकवीत. विणकामाची त्यांना लहानपणापासून सवय. ही आकृती विणता का येऊ नये, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. प्रथम त्यांनी दोन सुयांवर विणून पाहिले. पण त्या रीतीत ओळीतील सगळे टाके एकाच वेळी सुईवर राहतात. टाक्यांची संख्या भराभर वाढू लागताच ते आवरेनात. मग त्यांनी क्रोशाची सुई हाती घेतली. क्रोशात एका वेळी एकच फासा सुईवर असतो. त्यामुळे ओळ कितीही लांबली तरी अडचण येत नाही.

या विणकामाची युक्ती समजण्यास गोल रुमालाचे उदाहरण घ्यावे. रुमाल सपाट राहावा म्हणून विणणारी व्यक्ती प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवीत जाते. वाढ कमी पडली, तर कडा आत वळतात आणि रुमालाची टोपी होते. वाढ जास्त झाली, तर कडेला चुण्या पडतात. नवशिक्या हाताची ही चूक मानली जाते. ताइमिना यांनी नेमकी हीच ‘चूक’ नियमाने केली. समजा, प्रत्येक पाच टाक्यांमागे एक टाका अधिक घालावयाचा, असा नियम ठरविला आणि पहिल्या ओळीत २० टाके घेतले. नंतरच्या ओळीत २४ टाके होतील. दहा वेळा अशी वाढ केल्यावर ओळीत सुमारे १२४ टाके होतील, वीस वेळा केल्यावर सुमारे ७६७ आणि तीस वेळा केल्यावर पावणेपाच हजारांच्या घरात! एवढ्या टाक्यांना सपाट पसरण्यास जागा कोठून मिळणार? म्हणून ती वीण लाटांसारखी वर-खाली वळत जाते. हेच अपास्तीय प्रतल होय.

ही लोकरी वीण न फाटता हवी तशी दुमडता येते. दुमडीवर पडलेली घडी ही त्या पृष्ठावरील सरळ रेषा. तिच्यावरून वेगळ्या रंगाचा दोरा शिवावा. मग रेषेबाहेरील एका बिंदूतून निरनिराळ्या घड्या पाडाव्या. पहिल्या रेषेस न मिळणाऱ्या कितीतरी रेषा त्या एका बिंदूतून जाताना डोळ्यांना स्पष्ट दिसतात. यानोश बोयाईने जे मनाने पाहिले, ते विद्यार्थी आता बोटांनी चाचपून पाहू शकतो. ताइमिना यांनी या विषयावर लिहिलेले पुस्तक २००९ मध्ये निघाले. त्याच्या चमत्कारिक नावामुळे त्याला विचित्र शीर्षकाचा गमतीदार पुरस्कार मिळाला. आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील गणित-संस्थेचा मानाचा ऑयलर ग्रंथ-पुरस्कारही मिळाला. हसणाऱ्यांनी हसून घेतले आणि जाणत्यांनी आदर केला.

मनुष्याला जी आकृती इतकी दुर्बोध वाटली, ती निसर्ग मात्र युगानुयुगे घडवीत आला आहे. सॅलडच्या पानांची चुणीदार कड, समुद्रातील गोगलगायींचे लहरदार काठ आणि कित्येक प्रवाळांचे आकार याच जातीचे आहेत. ही गोष्ट ध्यानी घेऊन मार्गारेट व ख्रिस्तीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लोकरीचे प्रवाळ विणण्यास प्रारंभ केला. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातील. त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ ही प्रवाळांची जगातील सर्वांत मोठी रांग आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळांच्या शरीरात राहून त्यांना अन्न पुरविणारी सूक्ष्म शैवले निघून जातात. मग प्रवाळ पांढरे पडतात; पाणी लवकर निवले नाही तर उपासमारीने मरतात. १९९८ पासून तेथे हे संकट पुन्हा पुन्हा ओढवले आहे.

बहिणींच्या या कामात देशोदेशींच्या हजारो लोकांनी हातभार लावला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कोणी नियम काटेकोर पाळला, कोणी मुद्दाम मोडला. आणि खऱ्या प्रवाळांप्रमाणेच नाना आकार उमलले. काहींनी प्लास्टिकच्या टाकाऊ पिशव्या कापून त्यांचेही प्रवाळ विणले आणि समुद्रात साचणाऱ्या कचऱ्याकडे लक्ष वेधले. लोकरीचे प्रवाळ पाहून खऱ्या प्रवाळांची काळजी वाटावी, हा त्यांचा हेतू. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेव्हा ही काळजी केवळ दूरदेशीची नव्हे.

हात आणि बुद्धी यांत उच्चनीच भेद मानण्याची जगास सवय आहे. परंतु दोन हजार वर्षांचा प्रश्न बुद्धीने सोडविला, आणि त्याचे उत्तर सर्वांच्या हाती दिले ते एका क्रोशाच्या सुईने.

अभ्यास

१. कागदी प्रतिकृतीपेक्षा लोकरीची प्रतिकृती अधिक उपयोगी का ठरली?
२. ताइमिना यांनी दोन सुयांचे विणकाम सोडून क्रोशा का निवडला?
३. ‘नेमकी हीच ‘चूक’ नियमाने केली’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. पहिल्या ओळीत १० टाके घेऊन प्रत्येक दोन टाक्यांमागे एक टाका वाढविला, तर दुसऱ्या ओळीत किती टाके होतील? विणून पाहा आणि कडेचा आकार कसा होतो ते लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : परावृत्त करणे, निर्धास्त, हातभार लावणे, दुर्बोध.