कोथिंबिरीचा फुलोरा

कोथिंबीर ही पानांसाठीं लावलेली भाजी. तिला फूल आलें कीं ती जून झाली, बाजारांतून उतरली, असें आपण समजतों. आणि उरलेला वाफा एक तर मोडून टाकतों, किंवा धन्यांसाठीं तसाच सोडून देतों. चाळीसगांवाजवळ तितूर व गिरणा ह्या नद्यांच्या कांठचे मळे पाहतांना हीच रीत आमच्या दृष्टीस पडते. ह्या दुर्लक्षानें बागाइतदाराचें दुहेरी नुकसान होतें. तें कसें, हें दाखविण्याचा आमचा येथें हेतु आहे.

प्रथम फुलाची रचना पाहूं. दांड्याच्या टोकाशीं छत्रीच्या काड्यांप्रमाणें देठ फुटतात, व प्रत्येक देठावर पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी फुलांचें लहान छत्र असतें. एकाच फुलांतील पुंकेसर आधीं पिकतात व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळें परागाची बरीच देवघेव झाडाझाडांमध्यें चालते, व तें काम मधमाशा आणि इतर कीटक करतात. शिवाय फुलांतील मध उघडा असल्यानें आंखूड सोंडेच्या बारीक कीटकांनाही तो घेतां येतो. ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पुढील विवेचन त्यांवरच उभें आहे.

पहिलें नुकसान बियाण्याचें. दाट पाल्याचीं, उशिरां फुलणारीं झाडें आपण उपटून, जुड्या बांधून बाजारांत पाठवितों. जीं लवकर दांडा काढतात तीं जुडींत शोभत नाहींत म्हणून मागें राहतात, आणि त्यांचेच धने पुढल्या वर्षीं पेरले जातात. म्हणजे चांगलें विकून हिणकस तेवढें आपण बियाण्यास राखतों! असें वर्षानुवर्षें चाललें कीं थोडें ऊन वाढतांच सारा वाफा फुलूं लागतो, आणि दोष मात्र हवेला दिला जातो. उष्णतेनें व मोठ्या दिवसानें कोथिंबीर लवकर फुलते हें खरें. तथापि एकाच वाफ्यांत, एकाच पाण्यावर, कांहीं झाडें आधीं व कांहीं मागाहून फुलतात, तो फरक बऱ्याच अंशीं बियांतला असतो.

ह्यास उपाय सोपा आहे. रब्बीच्या आरंभीं बियाण्यासाठीं एक वाफा निराळा राखावा व त्यांतील पाला विकूं नये. आधीं दांडा काढणारीं झाडें कळ्या उमलण्यापूर्वींच उपटावीं. उमलल्यावर उपटण्यांत फारसा अर्थ नाहीं, कारण त्यांचा पराग तोंवर इतर झाडांवर पोंचलेला असतो. उशिरां फुललेल्या निरोगी झाडांचे धने पिवळसर होतांच काढून सावलींत वाळवावे, आणि पेरतेवेळीं नेहमींप्रमाणें रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्या.

दुसरें नुकसान हरभऱ्याचें. घाटेअळीची एक नैसर्गिक वैरीण आहे. शास्त्रज्ञ तिला कॅम्पोलेटिस क्लोरिडी म्हणतात. ही बारीक गांधीलमाशी लहान अळीच्या अंगांत अंडें घालते, व त्यांतून निघालेला किडा अळीला आंतून खाऊन मारतो. परंतु माशीला स्वतःला मध लागतो, आणि तो कोथिंबिरीच्या उघड्या फुलांत तिला सहज मिळतो. म्हणून हरभऱ्याबरोबरच मधूनमधून कोथिंबिरीच्या कांहीं ओळी पेराव्या व त्या फुलूं द्याव्या. एवढ्यानें फवारणीची गरज कधींच पडणार नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती करणें भागच पडलें, तर फुललेल्या ओळी वगळाव्या, व मधमाशा परतल्यावर सायंकाळींच करावी.

आमच्या शेतकरीबंधूंनीं येत्या रब्बींत एवढा एक वाफा राखून पाहावा. पाला विकून मिळणारे चार पैसे त्या वाफ्यापुरते कमी होतील. परंतु पुढील वर्षाचें बियाणें आपल्या निवडीचें असेल.