लिंबाच्या रसात मासा शिजतो का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला असतो. एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या सुट्टीत तो ऑफिसातल्या मित्राच्या गावी, खोन केनजवळ, गेला होता. तिथे त्याला बारीक खिमा केलेला कच्चा मासा लिंबू, मिरची आणि पुदिना घालून खायला दिला. त्याला तो इतका आवडला की आता संधी मिळाली की खातो. मी ओरडले तर म्हणतो, ‘‘आई, लिंबाने मासा शिजतोच. शिवाय तिथले लोक वरून तांदळाची दारू घेतात, त्यात उरलंसुरलं मरतं.’’ इकडे मैत्रिणीने मला मेसेज पाठवला की हा पदार्थ खाल्ला की कर्करोग होतो. खरं काय मानायचं? त्याची तपासणी करावी का? तो सुशीही खातो, तीही बंद करायला सांगू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लिंबाच्या रसात मासा शिजत नाही. रसातल्या आम्लामुळे माशातली प्रथिनं गोठतात. मांस पांढुरकं आणि घट्ट होतं, म्हणून ते शिजल्यासारखं दिसतं. पण शिजण्यात जी उष्णता लागते ती इथे कुठेच नसते, आणि माशात दडलेला कृमी आम्लाने नव्हे, उष्णतेने मरतो. तुमच्या मुलाच्या मित्राच्या गावाकडे ज्या कृमीची भीती आहे, त्याची अळी माशाच्या मांसात एका चिवट कोशात बसलेली असते. हा कोश माणसाच्या जठरातून सुखरूप पुढे जाण्यासाठीच घडलेला आहे. जठरातलं आम्ल लिंबाच्या रसापेक्षा तीव्र असतं. ज्याला ते आम्ल मारत नाही, त्याला अर्धं लिंबू काय करणार? दारूचंही तेच. प्यालेली दारू पोटात गेल्यावर इतकी पातळ होते की कोशातल्या अळीला तिचा काही त्रास होत नाही. मुलाचं म्हणणं चूक आहे, आणि ही चुकीची समजूत त्या भागातल्या गावोगावी पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे.

मैत्रिणीचा मेसेज अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, ते नीट सांगायला हवं.

तुमच्या मुलाने खाल्लेल्या पदार्थाचं नाव कोई प्ला. थायलंडचा ईशान्य भाग, ज्याला इसान म्हणतात, तिथला आणि शेजारच्या लाओसमधला हा जुना पदार्थ. मून आणि ची या नद्यांच्या खोऱ्यातलं हे पठार. रेताड जमीन, बेभरवशाचा पाऊस, देशातला तुलनेने गरीब मुलूख. पण पावसाळ्यात भाताच्या खाचरांत, तळ्यांत, ओढ्यांत छोटे मासे भरपूर मिळतात. जाळं टाकायचं, मासे काढायचे, शेताच्या बांधावरच सुऱ्याने बारीक कापायचे. त्यावर लिंबू, तिखट, फिश सॉस, पुदिना, कांद्याची पात आणि भाजलेल्या तांदळाची भरड घालायची आणि चिकट भाताच्या गोळ्याबरोबर खायचं. चूल पेटवायची गरज नाही, सगळे एका पानाभोवती बसून खातात. भाताच्या कापणीला, लग्नाला, पाहुणा आला तर हा पदार्थ होतोच. पाहुण्याला जे सर्वात चांगलं ते द्यायचं, या भावनेनेच तुमच्या मुलापुढेही ते ताट आलं असणार. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे असं काही वाचलं की लोक नाक मुरडतात. त्या लोकांच्या खाण्याला घाणेरडं म्हणण्याचं काहीही कारण नाही. अडचण त्या पाण्यात आणि त्या माशांत आहे.

त्या माशांत असणाऱ्या कृमीचं नाव ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी. पानासारखा चपटा, साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान. आपल्या पशुपालकांना लिव्हर फ्लूक हे नाव चांगलं माहीत आहे. पाणथळ कुरणात चरणाऱ्या म्हशी-मेंढ्यांच्या यकृतात होणारा पर्णकृमी तो हाच का, असं कुणी विचारेल. तो याचा लांबचा भाऊबंद, जात वेगळी. पण दोघांनाही वाटेत गोगलगाय लागते. इसानमधल्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जातात. तिथे बिथिनिया जातीच्या लहानशा गोगलगायी ती गिळतात. गोगलगायीच्या अंगात वाढून अळ्या बाहेर पडतात, पोहत जाऊन माशाच्या अंगात शिरतात आणि कोश करून बसतात. हे मासे बहुतेक रोहू-कटल्याच्या कुळातले. असा मासा कच्चा खाल्ला की आतड्याच्या सुरुवातीच्या भागात कोश फुटतो आणि अळी पित्तनलिकेतून वर चढून यकृतातल्या नलिकांमध्ये मुक्काम ठोकते. महिन्याभरात ती अंडी घालू लागते, अंडी विष्ठेतून पुन्हा पाण्यात जातात आणि फेरा पूर्ण होतो. माणसाऐवजी मांजर किंवा कुत्रा असला तरी कृमीचं काम भागतं. किंबहुना शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात या कृमीचं पहिलं वर्णन केलं ते मासेखाऊ रानमांजराच्या शरीरात सापडलेल्या नमुन्यांवरून.

एकदा बसलेला कृमी दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. त्या काळात माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. फार तर पोटात गॅस, उजवीकडे जडपणा. मला या आजाराची सगळ्यात मोठी भीती वाटते ती इथे. दुखलं असतं तर माणूस डॉक्टरकडे गेला असता. पण कृमी पित्तनलिकेच्या अस्तराला सतत ओरबाडत राहतो, शरीर ती जखम भरत राहतं, पुन्हा ओरबाडा, पुन्हा भरणं. शिवाय कृमी स्वतःच पेशींची वाढ चेतवणारं एक प्रथिन, ग्रॅन्युलिन, सोडतो. थायलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी या प्रथिनाचं जनुक कृमीतून निकामी करून पाहिलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, असे कृमी सोडलेल्या हॅमस्टरांच्या पित्तनलिकांना बरीच कमी इजा झाली. वीस-तीस वर्षांच्या अशा छळानंतर काही माणसांत पित्तनलिकेचा कर्करोग उभा राहतो. तो कळतो तेव्हा कावीळ झालेली असते, अंगाला खाज सुटलेली असते, आणि शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा निघून गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 सालीच या कृमीला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू ज्या गटात आहे, तोच हा गट. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं जगातलं सर्वात जास्त प्रमाण खोन केन आणि आसपासच्या प्रांतांत नोंदलं गेलं आहे, म्हणजे तुमचा मुलगा नेमका त्याच भागात जेवला.

आता मेसेजमधला चुकीचा अर्धा भाग. एकदा-दोनदा कोई प्ला खाल्लं की कर्करोग होतो, असं नाही. कृमी असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही. धोका वाढतो तो वारंवार खाल्ल्याने, कृमींची संख्या वाढत गेल्याने आणि वर्षानुवर्षं ते आत राहिल्याने. त्यात तिथल्या आहारातल्या आंबवलेल्या माशांतून मिळणाऱ्या नायट्रोसामाइन या रसायनांचीही भर पडते, असं संशोधक मानतात. त्यामुळे मुलाला घाबरवू नका. पण ‘संधी मिळाली की खातो’ हे तुमचे शब्द आहेत, आणि मला काळजी त्याच सवयीची वाटते.

तपासणी करावी का? जरूर करावी. शेवटचं खाल्ल्यानंतर महिना-सव्वा महिना जाऊ द्यावा, कारण त्याआधी कृमी अंडी घालत नाही आणि विष्ठेच्या तपासणीत काही सापडत नाही. कृमी थोडे असले तर एका नमुन्यात अंडी चुकू शकतात, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने द्यावेत. बँकॉकमधल्या डॉक्टरांना हा आजार पाठ आहे, तिथेच तपासून घेणं उत्तम. कृमी निघाला तर प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे. ते स्वस्त आहे, थोडक्यात काम होतं आणि बहुतेकांचा कृमी जातो. मात्र ते डॉक्टरांनीच वजनानुसार द्यावं.

या औषधाबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. गोळी घेतल्याने पुढच्या वेळचं संरक्षण मिळत नाही. इसानमध्ये अनेकांनी ‘आता खाऊ, मग गोळी घेऊ’ असा हिशोब केला, वर्षानुवर्षं कृमी मारले आणि पुन्हा ओढवून घेतले. प्रत्येक वेळी पित्तनलिकेला नवी जखम होते, आणि झालेली इजा गोळीने भरून येत नाही. गोळीच्या भरवशावर हा पदार्थ खाऊ नये.

तिथल्या लोकांनी स्वतः या आजाराशी दिलेली झुंज मोठी आहे. 2009च्या राष्ट्रीय पाहणीत थायलंडमध्ये 8.7 टक्के लोकांत हा कृमी आढळला, ईशान्येत 16.6 टक्के. 1980च्या सुमारास ईशान्येतला आकडा याच्या दुपटीच्या आसपास होता. खोन केन विद्यापीठातले शल्यविशारद नारोंग खुंतिकेओ यांचे आईवडील दोघेही याच कर्करोगाने गेले. ते आणि त्यांचे सहकारी सोनोग्राफीची यंत्रं घेऊन गावोगाव फिरतात आणि कोई प्ला खाऊ नका असं लोकांना सांगतात. तरुण ऐकतात. म्हाताऱ्या माणसांना चव सोडवत नाही. खोन केनच्या दक्षिणेला लावा नावाचं तळं आहे. त्याच्या काठच्या गावांत त्याच विद्यापीठातल्या बांचोब श्रीपा यांच्या गटाने औषध, शौचालयं, गोगलगायी आणि माशांवर नजर, मांजरा-कुत्र्यांतल्या कृमींची दखल असं सगळं एकत्र हाती घेतलं, आणि मुख्य म्हणजे शाळेतल्या मुलांना हाताशी धरलं. आजोबांना डॉक्टरचं बोलणं पटत नाही, नातवाचं पटतं. दहाएक वर्षांत तिथलं कृमीचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या खाली आलं. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वात आशेची बातमी आहे.

गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशात हा एकच कृमी असतो असंही नाही. आपण ज्याला मरळ म्हणतो तो मासा आणि दलदलीतले वामीसारखे मासे थायलंडमध्ये कच्चे किंवा अर्धकच्चे खाल्ले तर नॅथोस्टोमा नावाच्या कृमीची अळी शरीरात जाते. ती कातडीखाली सरकत राहते, आज इथे सूज, आठवड्याने तिथे. क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत जाते, आणि तेव्हा प्रसंग जीवावर बेततो. कृमींखेरीज जिवाणूही आहेत. सिंगापूरमध्ये 2015 साली पेजेबरोबर गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाऊन धडधाकट माणसं रक्तातल्या आणि मेंदूच्या आवरणातल्या संसर्गाने आजारी पडली. कारण निघालं ‘ब’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. त्या वर्षाअखेरीस तिथल्या सरकारने गोड्या पाण्यातले मासे कच्चे खायला देण्यावर बंदी घातली.

आता सुशी. सुशीसाठी प्रामुख्याने समुद्रातले मासे वापरतात आणि त्यांत हा यकृतातला कृमी नसतो. समुद्री माशांत अ‍ॅनिसाकिस नावाचा दुसरा कृमी असतो, त्याने पोटात अचानक जोराची कळ येते. त्यावर उपाय गोठवण्याचा. उणे 20 अंश सेल्सियसला सात दिवस किंवा उणे 35 अंशाला गोठवून पंधरा तास ठेवलेल्या माशातले कृमी मरतात, आणि चांगली हॉटेलं असेच मासे घेतात. घरच्या फ्रिजवर मात्र भिस्त ठेवू नये, तिथे इतकी थंडी टिकून राहत नाही. शिवाय गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. तेव्हा विश्वासाच्या ठिकाणची सुशी त्याने खावी, बंद करायला सांगू नका. घरात गरोदर स्त्री, म्हातारं माणूस किंवा यकृताचा रुग्ण असेल तर त्यांनी मात्र कच्चा मासा कुठलाच खाऊ नये.

थायलंडला सहलीला जाणारे मराठी वाचकही विचारतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. कच्च्या पपईच्या सोम तम सॅलडमध्ये बरेचदा प्ला रा, म्हणजे मिठात आंबवलेला मासा, घालतात. कित्येक महिने भरपूर मिठात मुरलेल्या किंवा उकळून घेतलेल्या प्ला राचा धोका फारच कमी असतो. दोन-चार दिवसच आंबवलेला प्ला सोम कच्चा खाऊ नये. नेहमीच्या हॉटेलातले तळलेले, वाफवलेले, रश्श्यातले मासे निर्धास्त खा.

आपल्या देशातही असा कच्चेपणा महागात पडलेला आहे. मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेशात ओढ्यातले खेकडे कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्याने फुप्फुसात पॅरागोनिमस हा कृमी होतो. खोकल्यातून रक्त पडतं आणि कित्येकांना क्षयाची औषधं दिली जातात. आपल्या कोकणात-गोव्यात मासा कालवणात उकळतो किंवा तव्यावर भाजून निघतो, म्हणून ही काळजी आपल्याला कधी करावी लागली नाही.

मुलाला हा पदार्थ सोडायला लावायचीही गरज नाही. तोच खिमा, तेच लिंबू, तीच तांदळाची भरड, फक्त मासा आधी कढईत पूर्ण शिजवून घ्यायचा. इसानमधली असंख्य कुटुंबं आज तसंच करतात. आणि तो कधी इथे सुट्टीवर आला आणि पोटासाठी डॉक्टरकडे गेला, तर ‘थायलंडमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाल्ला आहे’ हे त्याने न विचारता सांगावं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांपुढे हा कृमी सहसा येत नाही, त्यामुळे रुग्णाने सांगितल्याशिवाय त्याची तपासणी होण्याची शक्यता कमी.