पहिली जागा कोणाची?

आजचे वाचन: ३ योहान



आजचं पत्र पाच मिनिटांत वाचून होतं. बाहेरगावचे काही बंधू सेवेसाठी फिरत आहेत. गायस त्यांना घरात घेतो. दियत्रफेस मात्र त्यांना घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांनाही मंडळीबाहेर घालवतो. योहानाचं पत्रही तो मानत नाही. का? तर त्याला पहिली जागा आवडते.

दुसऱ्या मंडळीच्या माणसांशी आपण कसं वागायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. रिफॉर्म्ड मंडळ्यांनी त्याचं उत्तर थेट आपल्या नियमावलीत लिहून ठेवलं. नियमावली म्हटलं की जांभई येते, मला माहीत आहे. तरी आज दोन-तीन नियमांवर मनन करू.

ऑक्टोबर १५७१. नेदरलँड्समध्ये स्पेनच्या राजवटीखाली छळ चालू होता. पुष्कळ विश्वासणारे जीव वाचवून जर्मन प्रदेशात आणि इंग्लंडमध्ये विखुरले होते. अशा मंडळ्यांचे प्रतिनिधी एम्डेन या बंदराच्या शहरात जमले. त्यांचा पहिलाच नियम असा: कोणतीही मंडळी दुसऱ्या मंडळीवर सत्ता गाजवणार नाही, आणि कोणताही पाळक दुसऱ्या पाळकावर, कोणताही वडील दुसऱ्या वडिलांवर सत्ता गाजवणार नाही. पुढे १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या सिनडने जी नियमावली केली, तिच्यात हाच नियम ८४ वा आहे. ८५ वा सांगतो की गौण गोष्टींत ज्यांच्या रीती वेगळ्या आहेत, अशा परदेशी मंडळ्यांना नाकारू नये.

पण सत्ता नाही म्हणजे संबंध नाही, असं नव्हे. शेजारच्या मंडळ्या मिळून क्लासिस होते, त्याहून मोठी सभा म्हणजे सिनड. अन्याय झाला असं वाटलं तर वरच्या सभेकडे अपील करता येतं. सभेत बहुमताने ठरलेलं सगळ्यांनी पाळायचं. मात्र ते शास्त्राविरुद्ध आहे असं दाखवून दिलं, तर ते बंधनकारक राहत नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिन हक्क कोणालाच नाहीत, पण रिव्ह्यू सगळ्यांचा होतो.

दुसऱ्या गावी जाणारा सभासद आपल्या मंडळीचं पत्र घेऊन जातो. पौलाने रोमकरांस लिहिताना फीबीची शिफारस केली, तसंच हे. भगिनी मंडळीचं असं पत्र मान्य होतं, तिच्या सभासदांना प्रभुभोजनात जागा मिळते, तिच्या पाळकांना वचन सांगायला बोलावता येतं.

याची किंमतही असते. १९५० पासून कॅनडात डच स्थलांतरितांनी कॅनेडियन रिफॉर्म्ड मंडळ्या उभ्या केल्या. त्यांच्या नियमावलीतही परदेशी रिफॉर्म्ड मंडळ्यांशी शक्य तितकं भगिनीचं नातं राखावं असं आहे. नेदरलँड्समधली ‘लिबरेटेड’ मंडळी ही त्यांची मायमंडळी. २०१७ मध्ये तिच्या सिनडने पाळक, वडील आणि डीकन ही तिन्ही पदं स्त्रियांसाठी खुली केली. कॅनडातल्या मंडळ्यांना हे शास्त्राला धरून वाटलं नाही. त्या आधीपासून आपली चिंता कळवत होत्या. शेवटी २०१९ च्या एडमंटनच्या सिनडने ते नातं थांबवलं. ज्या मंडळीत आजी-आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तिच्याशीच!

या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट बघा. कॅनडावाले हुकूम सोडू शकत नव्हते, आणि डच मंडळीही मायमंडळी म्हणून त्यांना गप्प करू शकत नव्हती. नियमाने हातात एवढंच ठेवलं होतं: बोला, ऐका, वाट पाहा, पुन्हा बोला, आणि तुटलंच तर एका माणसाच्या लहरीवर नाही, सभेत, कारणं लिहून. दियत्रफेसने नेमकं हेच टाळलं होतं.

आता आपल्याकडे वळू. नोकरीसाठी आपण शहर बदलतो आणि जिथे वर्शिप छान, तिथे जाऊन बसतो. मागच्या मंडळीचं पत्र कोणी मागत नाही, आपणही आणत नाही. उलट मित्राच्या मंडळीत गुडघे टेकतात की उभं राहतात, गिटार की ऑर्गन, यावरून आपण तिला सहज कमी लेखतो. म्हणजे गौण गोष्टींत कडक आणि जबाबदारीत ढिले. एम्डेनला जमलेली माणसं याच्या अगदी उलट होती.

आज स्वतःला दोन प्रश्न विचारा. ज्या मंडळीला मी नावं ठेवतो, तिथे अडचण शास्त्राची आहे की माझ्या आवडीची? आणि माझं चुकलं तर मला थांबवू शकेल असं कोणी आहे का, की माझ्या आयुष्यात पहिली जागा माझीच आहे?

प्रार्थना: प्रभू येशू, मंडळीचं मस्तक तूच आहेस. आम्हाला गायसासारखं उघडं दार दे आणि एकमेकांचं ऐकून घेण्याची नम्रता दे. जिथे नाती तुटली आहेत, तिथे सत्य न सोडता प्रीती करायला शिकव. आमेन.