पंप, कॅप्सूल की वाफेचं मशीन?

प्रश्न : माझ्या आईला दमा आहे. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला तोंडात फवारायचा पंप दिला. काकांना कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र मिळालं, ते स्वस्त पडतं म्हणतात. शेजारच्यांनी तर वाफेचं मशीनच घेतलं. यात जास्त गुण कशाचा? आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला परवडेल असं कोणतं?
— एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : तिन्हींत औषध बहुतेक वेळा तेच असतं, वेगळी असते ती फुप्फुसापर्यंतची वाट. नीट घेतलं तर गुणात फारसा फरक पडत नाही. पण नीट घेणं प्रत्येक साधनात वेगळं आहे, आणि पैसा वाया जातो तो तिथेच.

आधी पंप. अमेरिकेत १९५५ साली एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांना मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का भरत नाहीत? पुढच्याच वर्षी असा पंप बाजारात आला. त्याची अडचण मात्र आजही तीच आहे. दाबणं आणि श्वास घेणं एकाच वेळी जमावं लागतं. फवारा जोरात सुटतो, क्षणभर चुकलं की औषध घशाला चिकटतं. नुसत्या पंपाने साधारण दहातला एकदोन भागच फुप्फुसात पोहोचतो. थकलेल्या हातांना आणि धाप लागलेल्या जिवाला ही कसरत साधणं कठीणच.

कॅप्सूलच्या यंत्रात, म्हणजे रोटाहेलरसारख्यात, दाबायचं काही नसतं. आतली भुकटी आपल्याच श्वासाने ओढली जाते. म्हणून रीत नेमकी उलटी. पंप घेताना श्वास हळू आणि लांब, इथे जोरात आणि खोल. काकांचं बघून आईने पंप जोरात ओढला, किंवा आईचं बघून काकांनी कॅप्सूल हळू ओढली, तर दोघांचंही औषध फुकट जाईल. लहान मुलांना आणि मोठा झटका आलेल्या माणसाला तेवढा जोर लावता येत नाही. शिवाय भुकटीला ओल चालत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात डबी घट्ट बंद ठेवा, कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढा आणि यंत्रात फुंकर मारू नका.

आता हिशेब. कॅप्सूलची डबी बहुधा ३० ची असते. सकाळ-संध्याकाळ एकेक धरली तर १५ दिवसांत संपते, म्हणजे महिन्याला दोन डब्या. रोजच्या औषधाचा पंप बहुधा १२० फवाऱ्यांचा असतो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन धरले तर महिना जातो. म्हणून एका डबीची तुलना एका पंपाशी करू नका. दोन डब्यांची छापील किंमत आणि एका पंपाची किंमत शेजारी मांडा, मग खरं काय ते दिसेल. तरी ज्याच्या हातात आठवड्याच्या बाजारापुरतेच पैसे येतात, त्याला एका वेळी एकच डबी घेता येणं हीही सोय आहे, आणि मी ती कमी लेखणार नाही. साल्बुटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही दम्याची मुख्य औषधं देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. जनऔषधी दुकानात आणि सरकारी दवाखान्यात आधी विचारा.

वाफेच्या मशीनबद्दल, म्हणजे नेब्युलायझरबद्दल, स्पष्टच लिहितो. घरोघरी ते असायची गरज नाही. पंपाला स्पेसर, म्हणजे ती पोकळ नळी, जोडली की फवारा आधी नळीत थांबतो आणि माणूस सावकाश ओढतो. झटक्याच्या वेळी स्पेसर आणि मशीन यांची तुलना करणारे अनेक अभ्यास झाले. स्पेसर कमी पडला नाही. मुलांना तर तातडीच्या विभागात थांबावंही कमी लागलं. गडचिरोलीच्या आतल्या गावांत पावसात वीज गेली की मशीन बंद, स्पेसरला वीज लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली ५०० मिलीच्या साध्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, सांधा डिंकाने बंद करून ती मुलांवर वापरली. गुण विकतच्या स्पेसरएवढाच आला. विकतचा मिळत असेल तर तोच घ्या, नसेल तर डॉक्टरांना ही बाटली दाखवा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवायचा. पुसल्याने प्लास्टिकवर वीज साचते आणि औषध भिंतीला चिकटतं.

पंप पाण्यात तरंगवून भरला-रिता बघू नका, ती खूण खोटी ठरते. फवारे मोजा. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हात तो गाडीच्या डिकीत राहू देऊ नका.

सगळ्यात महाग साधन मात्र वेगळंच आहे: फक्त धाप लागल्यावर साल्बुटामॉलचा निळा पंप मारत राहणं. त्याने श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. सूज कमी करतं ते रोजचं स्टेरॉइडचं औषध, आणि लोक नेमकं तेच बंद करतात, ‘सवय लागेल’ म्हणून. सवय लागत नाही. मात्रा अगदी थोडी असते, घेतल्यावर चूळ भरून टाकायची, एवढंच. वर्षात २०० फवाऱ्यांचे तीन निळे पंप लागत असतील तर दमा आटोक्यात नाही असं समजा. रोजचा खर्च टाळणाऱ्या घराला एका रात्रीच्या ॲडमिशनमध्ये कितीतरी महिन्यांच्या औषधाचे पैसे भरावे लागतात.

आणखी एक. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईचा दमा दर वेळी दमाच असतो असं नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली गंभीर प्रदूषित ठरवलेल्या पट्ट्यांत चंद्रपूर होतं. कोळसा, वीजकेंद्र आणि चुलीचा धूर मिळून सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजारही होतो, आणि त्याचं औषध थोडं वेगळं असतं. फुंकर मारायची तपासणी एकदा करून घ्या. ओठ निळसर झाले किंवा एक वाक्य पूर्ण बोलता येईना, तर साधनाची चर्चा न करता १०८ ला फोन लावा.

पुढच्या खेपेला आईला घेऊन जाल तेव्हा पंप पिशवीत टाका, आणि डॉक्टरांसमोर तिला तो एकदा मारायला सांगा.